इंदूर, जाम दरवाजा, महेश्वर, मानपूर: एका दिवसाची घाटफेरी सायकलवरून कशी करावी

इंदूरच्या सायकलस्वाराला घाट चढायचा असेल, तर आधी तो उतरावा लागतो. पुण्याहून सिंहगडाच्या वाटेला लागणारा सकाळच्या ताज्या पायांनी चढ घेतो आणि परतीच्या उतारावर विसावतो. आपल्या वाट्याला हे सुख नाही. इंदूर आणि महू माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर वसलेली आहेत. दक्षिणेला विंध्याची कड लागते, तिच्या पायथ्याशी निमाड सुरू होतो, आणि महेश्वरला नर्मदेच्या पाण्यापाशी पोहोचतो तेव्हा आपण जेमतेम दीडशे मीटर उंचीवर असतो. घर वर आहे, म्हणून खरा चढ परतीत आहे. तो चढायची वेळ येते तेव्हा शंभराहून अधिक किलोमीटर पायांत मुरलेले असतात आणि ऊन डोक्यावर आलेले असते. या फेरीची दिशा, निघण्याची वेळ, गिअर, खाणेपिणे आणि सराव या सगळ्यांचा विचार त्या परतीच्या चढापासून मागे मागे येत करावा.

मार्ग असा आहे. इंदूरहून राऊमार्गे महू, तेथून बडगोंद्याकडून जाम दरवाजा, म्हणजे घाटमाथ्यावरची जुनी दगडी कमान, मग घाट उतरून मंडलेश्वर आणि नर्मदेच्या काठाने महेश्वर. महेश्वरहून धामनोद, तेथून जुन्या आग्रा-मुंबई मार्गाने, म्हणजे आताच्या राष्ट्रीय महामार्ग 52 ने, घाट चढून मानपूर आणि महूवरून पुन्हा इंदूर. शहरात आपण कोठून निघतो त्यानुसार एकूण अंतर 180 ते 190 किलोमीटर भरते. ज्यांनी 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केली आहे त्यांना अंतराची भीती वाटणार नाही. तेथे साडेतेरा तासांची मर्यादा असते आणि या फेरीलाही मनाशी तेवढीच मर्यादा धरावी. ज्यांनी आजवर एका दिवसात शंभर किलोमीटरही केलेले नाहीत, त्यांनी मात्र महेश्वरला मुक्काम करून ही फेरी दोन दिवसांत वाटून घ्यावी. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड हवेत घाट चढण्याचा मोठा लाभ आहे.

फेरी कोणत्या दिशेने करावी याबद्दल माझे मत ठाम आहे: जाम उतरावा आणि मानपूरचा घाट चढावा. उलट दिशेचा मोह होतो, हे खरे. जामचा घाट जंगलातून वळत वर येतो, त्यावर अवजड वाहने कमी असतात आणि चढून आल्यावर समोर दरवाजा उभा असतो. महामार्गावरच्या रुंद, धुराने भरलेल्या चढाला त्याची सर नाही. पण जाम चढायचा म्हणजे मानपूरकडून उतरायचे, आणि तेथेच अडचण आहे. या उतारावरील गणपती घाटात भरलेल्या ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन वर्षानुवर्षे भीषण अपघात होत आले. त्यामुळेच उतरणाऱ्या वाहनांसाठी तेथे सुमारे नऊ किलोमीटरांचा, कमी उताराचा नवा रस्ता काढावा लागला. रस्ता सुधारला तरी आपल्या पाठीमागून तीस-चाळीस टनांचे वाहन उतरत आहे आणि त्याच्या ब्रेकांची अवस्था आपल्याला ठाऊक नाही, ही स्थिती दोन बोटे रुंदीच्या टायरवर बसलेल्या माणसाने पत्करू नये. चढताना तेच ट्रक आपल्याइतक्याच संथपणे चालतात, अंतर राखतात आणि चालकाला आपण बराच वेळ दिसत राहतो. ज्यांना जामचाच चढ हवा असेल त्यांनी जामने उतरून जामनेच परत यावे. एकच रस्ता दोनदा पाहिल्याने त्याची गोडी कमी होत नाही.

हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. पावसाळ्यात जामवर ढग उतरतात, कडे हिरवे होतात आणि निम्मे इंदूर तेथे लोटते. सुटीच्या दिवशी दरवाज्यापाशी मोटारींच्या रांगा, कणसांच्या शेगड्या आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून फोटो काढणारे लोक असतात. ओल्या रस्त्यावर अशा गर्दीतून सायकल उतरवण्यात सार नाही. मार्चनंतर प्रश्न उन्हाचा. उंची दर हजार मीटरने कमी झाली की हवा साधारण साडेसहा अंशांनी तापते, त्यामुळे माळव्यातून निमाडात उतरताना अडीच-तीन अंशांचा फरक केवळ उंचीमुळेच पडतो. त्यात खोलगट खोऱ्यात साठणारी उष्णता मिळते. खरगोन जिल्ह्यातील एप्रिलचे ऊन ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगायला नको. मार्चमध्ये निघणे भागच असेल तर महेश्वरचा मुक्काम हाच एक मार्ग उरतो.

इंदूरहून पहाटे पाचच्या आत निघावे. हिवाळ्यात सूर्य सातच्या सुमारास वर येतो, त्यामुळे महूपर्यंतचा पहिला पंचवीस किलोमीटरांचा टप्पा काळोखात होतो. त्यासाठी पुढे रस्ता दाखवणारा दिवा आणि मागे लाल दिवा हवा, शिवाय अंगावर परावर्तक पट्ट्यांचे जाकीट हवे. राऊच्या पुढे मोठ्या वाहनांची ये-जा रात्रभर चालू असते, तेव्हा डावी कड सोडू नये. महूची छावणी ओलांडून मंडलेश्वरच्या रस्त्याला लागलो की वर्दळ एकदम ओसरते. हा भाग चढउतारांचा आहे आणि थंडीत अंगाला हुरूप येतो. येथेच पुष्कळजण ताकद उधळतात. जाम दरवाज्यापर्यंत सोबत्याशी न धापता पूर्ण वाक्ये बोलता यावीत, एवढ्याच वेगाने जावे. पहाटे वाचवलेला दम दुपारी बाराला कामी येतो.

जाम दरवाज्यापाशी थांबावे, आणि केवळ दम खाण्यासाठी नव्हे. अहिल्याबाई होळकरांनी 1791 मध्ये हा दरवाजा बांधवला. त्या वेळी होळकरांची राजधानी खाली महेश्वरला होती आणि माळव्यात येण्याजाण्याची ही वाट होती. म्हणजे ज्या मार्गाने आपण उतरणार तो पालख्या, टपाल, बैलांचे तांडे आणि फौजा यांनी तुडवलेला मार्ग आहे. राजधानी इंदूरला आली ती 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर, आणि महूची छावणीही त्याच तहातून उभी राहिली. इंदूरच्या मराठी घरांत वाढलेल्या मुलामुलींना महेश्वर ठाऊक असते, पण महेश्वरहून वर येणारी ही वाट ठाऊक नसते. त्यांना ती एकदा तरी आपल्या पायांनी मोजावीशी वाटावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. काळ्या पाषाणाच्या त्या कमानीपुढे जमीन एकाएकी संपते आणि खाली निमाडची पांढुरकी, धुक्यात बुडालेली मैदाने पसरलेली दिसतात. नर्मदेचे खोरे भूकवचातील भेगांमुळे खचलेले आहे आणि त्याची उत्तर कड म्हणजे ही विंध्याची भिंत, हे येथे उभे राहिले की पुस्तकाशिवाय उमगते.

उतरण्यापूर्वी पाच मिनिटे सायकलीला द्यावीत. दोन्ही ब्रेकचे लिव्हर आवळून पाहावेत. लिव्हर हँडलला टेकत असेल तर तार ओढून घ्यावी. रिम ब्रेक, म्हणजे चाकाची कड रबराच्या गुटक्यांनी आवळणारा ब्रेक, असेल तर गुटक्यांत रुतलेले खडीचे कण किंवा धातूचे कीस नखाने अथवा सुईने काढावेत, कारण ते रिमला खरवडतात आणि ब्रेकची पकड कमी करतात. दोन्ही चाके उचलून फिरवावीत, टायरमध्ये काच किंवा बाभळीचा काटा रुतला आहे का ते बोटाने चाचपावे. घामाने ओला झालेला सदरा उतारावरच्या वाऱ्यात अंगाला चिकटून थंडी भरवतो, म्हणून वाऱ्याचे जाकीट चढवून त्याची झिप गळ्यापर्यंत ओढून घ्यावी. बोटे आखडली तर ब्रेक वेळेवर दाबला जात नाही; पातळ का होईना, पूर्ण बोटांचे हातमोजे असावेत.

आता उताराविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण या फेरीतील बहुतेक इजा चढावर होत नाहीत. सायकल आणि स्वार मिळून 85 किलो वजन धरले, तर पाचशे मीटर खाली येताना सुमारे चार लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. काही हवेच्या विरोधात जाते आणि उरलेली आपल्या ब्रेकांत उष्णता होऊन शिरते. ब्रेक सतत हलके दाबून ठेवले की रिमला किंवा डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. तापलेल्या रिममुळे ट्यूब फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून सरळ भागात ब्रेक मोकळे सोडावेत आणि वळण येण्याआधी दोन्ही ब्रेक ठामपणे, क्रमाने वाढत्या दाबाने लावून वेग उतरवावा. थांबवण्याची मुख्य शक्ती पुढच्या ब्रेकमध्ये असते, कारण वेग कमी होताना भार पुढच्या चाकावर येतो. पण वळणात सायकल कललेली असताना तोच जोरात दाबला तर चाक निसटते. यावरून नियम सोपा निघतो: ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, हेही ध्यानात असू द्यावे.

हात हँडलच्या खालच्या वळणावर असावेत, कोपर सैल, वजन मागे आणि खाली. वळणात बाहेरच्या बाजूचे पॅडल खाली ठेवून त्यावर भार द्यावा आणि नजर वळणाच्या शेवटाकडे असावी. जेथे पाहतो तेथे सायकल जाते, म्हणून कठड्याकडे किंवा खड्ड्याकडे टक लावू नये. शर्यतींच्या चित्रफितींत स्वार रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा उपयोग करून वळण घेताना दिसतात. तो रस्ता त्यांच्यासाठी बंद केलेला असतो. आपल्याकडे वळणापलीकडून बस येत असते, तेव्हा आपली डावी बाजू कोणत्याही वळणावर सोडू नये.

घाटात वळणांच्या आतील कडेला बारीक खडी साठते. वाहनांची चाके ती मधल्या पट्ट्यातून झाडून कडेला लोटतात, आणि जी रेषा सायकलला सर्वांत जवळची वाटते तेथेच ती जमलेली असते. वेगात ती चटकन नजरेत येत नाही. पण डांबर काळे आणि खडी मातकट, एवढ्या रंगभेदावरून ती ओळखता येते. दुसरी गोष्ट माकडांची. लोक खाऊ घालतात म्हणून ती कठड्यांवर बसून असतात आणि एक आडवे धावले की मागून पिल्लासह दुसरेही धावते. पहिले गेल्यावर रस्ता मोकळा झाला असे समजू नये. कापसाच्या दिवसांत ट्रॉलीतून दोन्ही बाजूंना फुगून बाहेर आलेला माल घेऊन ट्रॅक्टर येतात. त्यांना अर्ध्याहून अधिक रस्ता लागतो आणि ट्रॉलीच्या आड काहीच दिसत नाही. समोरून तशी ट्रॉली दिसली की वेग कमी करून कडेला यावे, वेळ पडल्यास थांबावे. सोबत कितीही जण असले तरी उतारावर प्रत्येकाने एकट्याने, चार-पाच सायकलींचे अंतर ठेवून उतरावे आणि पायथ्याशी सर्वांची वाट पाहावी.

पायथ्यापासून मंडलेश्वर आणि तेथून महेश्वरपर्यंतचा रस्ता बहुतांशी सपाट आहे. त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, फक्त जाकीट वेळीच काढावे आणि पाणी पिण्यास येथूनच सुरुवात करावी. उतारावर तहान लागत नाही, म्हणून तासभर बाटलीला हात लावलेला नसतो.

महेश्वरला नऊ-साडेनऊपर्यंत पोहोचावे आणि तेथे पोटभर न्याहारी करावी. खाण्याच्या बाबतीत इंदूरकरांना सावध करणे मला गरजेचे वाटते, कारण आपल्या जिभेला शेव लागते आणि सुटीचे जेवण म्हटले की तुपात बुडवलेले दाल-बाफले डोळ्यांपुढे येतात. दोन्ही चांगलेच आहेत, पण ते घरी परतल्यावर. तळलेले आणि तुपकट अन्न पोटातून हळू पुढे सरकते, आणि घाट चढताना शरीराला रक्त पायांकडे हवे असते. महेश्वरला पोहे, केळी, दही-साखर, साधी पोळी असे काही घ्यावे; पोह्यांसोबत जिलबी घेतली तरी हरकत नाही, कारण साखर येथे खर्ची पडणारच आहे. दीर्घ पल्ल्यावर दर तासाला साधारण 40 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, तेव्हा तासाला एक केळे आणि गूळ-दाण्याच्या चिक्कीचे एक-दोन तुकडे एवढ्यात हिशेब जमतो. जानेवारीत संक्रांतीच्या गूळपोळ्या घरात असतात. चौकोनी तुकडे करून कागदात गुंडाळून खिशात ठेवाव्यात. बाजारातल्या महागड्या एनर्जी जेलपेक्षा मला त्या अधिक भरवशाच्या वाटतात, कारण त्या पोटाला ओळखीच्या असतात. फेरीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ पहिल्यांदा खाऊन पाहू नये.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागते. सायकलवर दोन बाटल्या असाव्यात, एकीत साधे पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचे. औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची मोठी पुडी एका लिटर पाण्यासाठी असते. ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतली तर द्रावण दुप्पट तीव्र होते आणि मळमळते, म्हणून अर्धीच घालावी. धामनोद सोडताना दोन्ही बाटल्या काठोकाठ भरून घ्याव्यात आणि एक बाटली पाठीच्या खिशात जादा ठेवावी. घाटात सावली विरळ आहे, आणि महामार्गाच्या पलीकडच्या बाजूला दिसणारा ढाबा दुभाजकामुळे आपल्या उपयोगाचा नसतो.

महेश्वरहून धामनोद तेरा-चौदा किलोमीटर. तेथे थांबून शरीराची प्रामाणिक चौकशी करावी. मळमळ, डोके दुखणे, घाम थांबणे, अंगावर काटा येणे ही उष्णतेची लक्षणे आहेत, आणि ती असतील तर घाटाला हात घालू नये. धामनोदहून इंदूरला बस मिळतात. पुढचे चाक काढून सायकल टपावर बांधता येते. घाटाच्या अर्ध्यात हा पर्याय उरत नाही. मोबाइलमध्ये राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक 1033 आणि आपत्कालीन 112 व 108 हे क्रमांक आधीच नोंदवलेले असावेत.

धामनोदपासून मानपूरपर्यंत पस्तीस-चाळीस किलोमीटर आहेत आणि फेरीचे मर्म येथे आहे. हा चढ एकसलग नाही. विंध्याचा हा भाग आणि माळवा दोन्ही डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या बेसाल्ट खडकाचे बनले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, आणि अशा थरांची झीज होते तेव्हा कठीण थर कड्यासारखे उभे राहतात व मऊ थर सपाटीसारखे मागे सरतात. त्यामुळे चढही पायऱ्यापायऱ्यांनी येतो: एक दमदार चढ, मग थोडी ढिलाई, मग पुन्हा चढ. पहिली पायरी संपली की घाट संपला असे वाटून जो जोर लावतो त्याला पुढची पायरी फार जड जाते. मनात पक्के धरावे की मानपूरची पाटी दिसेपर्यंत घाट संपलेला नाही.

गिअरचा हिशेब येथे उपयोगी पडतो. 85 किलोचा एकूण भार सात टक्के चढावर ताशी 8 किलोमीटरने न्यायचा तर पायांना सुमारे 145 वॅट शक्ती सतत द्यावी लागते. पुढे 34 दात्यांचे चाक आणि मागे 32 दात्यांचे असेल तर त्या वेगाला पॅडलचे मिनिटाला साठ फेरे होतात, जे थकलेल्या पायांनाही झेपतात. तोच वेग मागे 25 दाते ठेवून राखायचा तर मिनिटाला 47 फेरेच होतात आणि प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर तितकाच अधिक दाब येतो. शक्ती तीच, पण गुडघे वेगळे सांगतात. म्हणून मागे 32 किंवा 34 दात्यांची कॅसेट, म्हणजे दातेरी चाकांचा संच, बसवून घ्यावी. बदलण्याआधी मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, तेवढे मोठे चाक पेलतो का ते दुकानात विचारावे. जुन्या सायकलींवर आखूड पिंजऱ्याचा डिरेलर 28 च्या पुढे बहुधा अडतो. कॅसेट बदलली की चेनही लांबी मोजूनच घालावी. वेगाची हौस असणारे मोठ्या गिअरचा अभिमान बाळगतात. या फेरीत लहान गिअर हाच शहाणपणा आहे.

चढ सुरू होण्याच्या शंभर मीटर आधीच लहान गिअर लावावा. चढावर पायाचा पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर चेन अडकते किंवा तुटते. पहिली दहा मिनिटे आपल्याला जमते त्याहून संथ चढावे. बसून चढणे हेच मुख्य, आणि दर पाच-सात मिनिटांनी पंधरा-वीस फेरे उभे राहून मारावेत, म्हणजे कंबर मोकळी होते. उभे राहण्याआधी एक गिअर जड करावा, नाहीतर पाय रिकामे फिरतात. हाताची पकड सैल, खांदे खाली, श्वास पोटातून. किलोमीटरचा आकडा वारंवार पाहू नये. त्याऐवजी घड्याळ पाहून दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी आणि दर अर्ध्या तासाला एक घास, एवढेच काम मनाला द्यावे.

महामार्गावर डाव्या कडेची पांढरी रेषा आणि तिच्या बाहेरचा पक्का पट्टा ही आपली जागा. पण तेथे एक धोका असा आहे की जो मैदानातल्या सायकलस्वाराच्या ध्यानीमनी नसतो. चढावर एखादा भरलेला ट्रक बंद पडला की क्लीनर खाली उडी मारतो आणि मागच्या चाकाला मोठा दगड लावतो. ट्रक पुन्हा निघतो, दगड मात्र बहुधा तेथेच राहतो. फुटबॉलएवढे असे दगड पट्ट्याच्या आत-बाहेर पडलेले असतात, आणि मान खाली घालून चढणाऱ्याला ते पुढचे चाक आदळेपर्यंत दिसत नाहीत. म्हणून नजर सतत दहा-पंधरा मीटर पुढे असावी. बंद पडलेल्या ट्रकला उजवीकडून ओलांडावे लागते. तेव्हा आधी थांबून मागे वळून पाहावे, हात दाखवावा आणि मागून काही येत नाही अशी खात्री झाल्यावरच जावे. ट्रक आणि कठडा यांच्यामधल्या फटीतून शिरू नये, कारण चढावरचा ट्रक निघताना आधी थोडा मागे घसरतो. चालत्या ट्रकला धरून वर जाण्याचा प्रकार काहीजण करतात. तो जिवावरचा खेळ आहे.

दमछाक झालीच तर उतरून चालावे. चढावर चालण्यात गेलेला वेळ फार नसतो आणि पायांचे वेगळे स्नायू वापरले गेल्याने मांड्यांना आराम मिळतो. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले तर थांबून टाच खाली ताणावी, मिठाचे पाणी घ्यावे आणि पुन्हा निघताना आणखी एक गिअर हलका करावा.

मानपूरला पोहोचलो की चहा घ्यावा आणि पुढचा निर्णय करावा. ज्यांच्या अंगात अजून दम आहे त्यांना महूकडे जाताना जानापावचा फाटा खुणावतो. या डोंगराची उंची साडेआठशे मीटरांच्या आसपास आहे, वर परशुरामांचे स्थान मानले जाते आणि चंबळेचा उगमही येथलाच. एकाच डोंगररांगेचे पाणी उत्तरेला चंबळेतून यमुनेकडे आणि दक्षिणेला नर्मदेकडे जाते, त्यामुळे जानापाव चढणारा उत्तर आणि दक्षिण वाहिन्यांच्या पाणलोटावर उभा असतो. वर जाणारा रस्ता लांबीला थोडा पण फार तीव्र आहे. पहिल्या फेरीत हा फाटा सोडून द्यावा, असेच मी सांगेन. सूर्य मावळायला दोन तासांहून कमी वेळ उरला असेल तर कितव्याही फेरीत सोडावा.

सरावासाठी मात्र जानापावसारखी जागा नाही. इंदूरहून जाऊन येऊन तो अर्ध्या दिवसात होतो. पण केवळ ताज्या पायांनी तो चढून फेरीची तयारी होत नाही, कारण आपला घाट थकल्यावर येतो. फेरीच्या आधीचे दोन महिने आठवड्यातून एकदा आधी सत्तर-ऐंशी किलोमीटर सपाटीवर फिरावे आणि मग जानापाव चढावा. जमू लागले की लागोपाठ दोनदा चढावा. सिमरोलच्या पुढे चोरलकडे उतरून पुन्हा वर येणे हाही चांगला व्यायाम आहे, मात्र त्या रस्त्यावरची वर्दळ पाहता तो भल्या पहाटेच करावा. फेरीच्या आधीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा आणि झोप पुरी करावी.

सामानात दोन ट्यूब, चिकटपट्ट्यांचा संच, टायर काढण्याचे प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, षटकोनी चाव्यांचा संच, चेनची जोडकडी आणि तुटकी चेन सोडवण्याचे साधन असावे. मंडलेश्वर-धामनोदला पंक्चरची दुकाने आहेत, पण रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हची ट्यूब तेथे मिळेल असे गृहीत धरू नये. टायर 28 मिलिमीटरचे असावेत. खडबडीत भागात ते 23 च्या टायरपेक्षा आरामशीर चालतात आणि उतारावर पकडही चांगली देतात. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरण्याची गरज नसते.

मानपूर ते महू आणि महू ते इंदूर या शेवटच्या टप्प्यात हिवाळ्यातला वारा बहुधा समोरून, उत्तर-ईशान्येकडून येतो. चारजण असतील तर एकामागे एक राहून दर दोन-तीन किलोमीटरांनी पुढचा बदलावा. महामार्गावर दोघांनी शेजारीशेजारी चालवू नये. राऊनंतर शहराची संध्याकाळची गर्दी सुरू होते आणि थकलेल्या मेंदूचे निर्णय मंद होतात, म्हणून अंधार पडला नसला तरी दिवे महूलाच लावावेत आणि चौकांत सायकलवरून उतरून रस्ता ओलांडावा. घरी पोहोचल्यावर जेवणाआधी चेनवरची धूळ पुसून तेलाचा एक हात द्यावा आणि ब्रेकचे गुटके किंवा पॅड किती झिजले ते पाहावे. जाम घाटाच्या एका उतरणीतही गुटके झिजतात, आणि जे अर्ध्याहून अधिक झिजले असतील ते पुढच्या घाटाआधी बदलून घ्यावेत.